मुंबईतील व्यक्तिछायाचित्रण आणि त्वचेचे रिटचिंग

१

छायाचित्र हे वस्तुस्थितीचे यांत्रिक व म्हणूनच निःपक्षपाती प्रतिबिंब होय, अशी समजूत इतिहासाच्या अभ्यासकांतही बरीच रूढ आहे. चरित्रग्रंथ, गौरवग्रंथ आणि संस्थांची इतिवृत्ते यांतून छापलेली व्यक्तिचित्रे पुरावा म्हणून सहसा निःशंकपणे स्वीकारली जातात. लेखी साधनांच्या बाबतीत प्रक्षेप, पाठभेद आणि नकलनविसाचे हस्तदोष यांची जेवढी चिकित्सा होते, तिचा अल्पांशही छायाचित्रांच्या वाट्यास येत नाही. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्यावसायिक स्टुडिओत काढलेल्या व्यक्तिचित्रांपैकी कॅमेऱ्यातून निघाली तशीच गिऱ्हाइकाच्या हाती पडलेली चित्रे थोडीच असतील. मधल्या टप्प्यावर एक कारागीर बसलेला असे. त्याचे नाव छापील प्रतीवर येत नसे. सुरकुत्या बुजविणे, डाग घालविणे, त्वचा सपाट व तुकतुकीत करणे हे त्याचे काम होते. धंद्यातल्या बोलीत त्यास ‘रिटचिंग’ किंवा नुसते ‘टचिंग’ म्हणत.

या कामाचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. त्वचेचे रिटचिंग प्रथम आले ते छायाचित्रणाच्या काचेतील एका दोषावरील उपाय म्हणून. पुढे रसायनशास्त्राने तो दोष नाहीसा केला, तरी उपाय मात्र राहिला. इतकेच नव्हे, तर तो अधिकच फोफावला. आरंभी काचेची चूक दुरुस्त करणारी पेन्सिल कालांतराने माणसाचा चेहराच दुरुस्त करू लागली. हे स्थित्यंतर कसे घडले, आणि सावळ्या वर्णाच्या व देवीच्या व्रणांच्या आपल्या समाजात त्याचा अर्थ काय झाला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

२

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली ओल्या कोलोडिअनची पद्धत प्रसिद्ध केली आणि काचेवरील निगेटिव्हचे युग सुरू झाले. मुंबईने या विद्येचा स्वीकार फार लवकर केला. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग उघडला, आणि त्याच वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला. छायाचित्रात हात घालण्याची कल्पनाही या शहरास परकी नव्हती. विल्यम जॉन्सन याने १८६० नंतरच्या दशकात मुंबईतील जातिजमातींची जी चित्रे प्रसिद्ध केली, त्यांत माणसांची चित्रे एकीकडे व पार्श्वभूमी दुसरीकडे घेऊन दोहोंचा सांधा जुळविलेला आढळतो.

या काळातील काच केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशास संवेदनाशील होती. तांबडा व पिवळा प्रकाश तिला जवळजवळ दिसतच नसे. म्हणून निळे आकाश चित्रात पांढरे येई आणि तांबडे वस्त्र काळे. चेहऱ्यावर याचा परिणाम विचित्र होई. प्रत्यक्षात नजरेस न येणारे फिकट तपकिरी तीळ व वांग चित्रात काळे ठिपके होऊन उमटत; गालावरची लाली मळासारखी दिसे. भारतीय माणसाच्या सावळ्या किंवा गव्हाळ वर्णात तांबड्या-पिवळ्या अंशाचे प्राबल्य असल्याने त्याची सबंध मुद्राच प्रत्यक्षाहून काळी येई. ही विकृती काचेची होती, माणसाची नव्हती. तेव्हा चित्र हाताने उजळणारा कारागीर त्या मर्यादेत सत्याची भरपाईच करीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु चेहऱ्यावरील सर्वच खुणा या जातीच्या नसतात. देवीचे व्रण हे रंगाचे डाग नसून त्वचेतील खळगे होत. ते सावलीने दिसतात. आना दुस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीस १४ जून १८०२ रोजी मुंबईत देवीची लस टोचली गेली, आणि हिंदुस्थानातील यशस्वी लसीकरणाची ती पहिली नोंद मानतात. तथापि रोगाचे निर्मूलन त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, १९७० नंतरच्या दशकात झाले. म्हणजे आपल्याकडील स्टुडिओंच्या भरभराटीचा जवळजवळ सगळा काळ देवीच्या रोगाचाही काळ होता. स्टुडिओत येऊन बसणाऱ्यांत तोंडावर वण असलेली माणसे नित्याची होती. हे वण खरे होते आणि काच ते खरेच दाखवीत होती. रिटचिंग करणाऱ्याच्या पेन्सिलीला मात्र काचेची चूक आणि त्वचेची खूण यांत भेद करण्याचे कारण नव्हते. दोन्ही निगेटिव्हवर सारख्याच पारदर्शक ठिपक्यांच्या रूपाने दिसत, आणि दोन्ही सारख्याच रीतीने बुजविता येत. दुरुस्ती आणि लपवणूक यांच्यामधील सीमारेषा प्रथम येथेच पुसली गेली.

३

निगेटिव्हचे रिटचिंग नेमके कोणी सुरू केले याविषयी मतभेद असले, तरी म्यूनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे नमुने मांडले, अशी हकीकत छायाचित्रणाच्या इतिहासांतून सांगितली जाते. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेचा मार्ग दाखविल्यावर तयार काचा बाजारात मिळू लागल्या, स्टुडिओंची संख्या वाढली आणि रिटचिंग हा स्वतंत्र धंदा झाला.

या कामाची साधने साधी होती. उतरत्या लाकडी डेस्कमध्ये दुधी काच बसविलेली असे व खाली आरसा ठेवून खिडकीचा प्रकाश तिच्यावर फेकीत. निगेटिव्ह या दुधी काचेवर ठेवून बाकीचा भाग काळ्या कागदाने झाकावयाचा, म्हणजे केवळ चेहरा उजेडात राही. जिलेटिनचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यावर शिसपेन्सिल धरत नाही. म्हणून राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून केलेले पातळ रोगण कापडाच्या बोळ्याने त्यावर चोळीत. पेन्सिल कठीण जातीची लागे. तिचे शिसे इंच-दीड इंच उघडे करून पॉलिशपेपरवर सुईसारखे टोकदार करीत. मग हात हलका ठेवून स्वल्पविरामासारखे, बारीक वर्तुळांसारखे किंवा एकमेकांस छेदणाऱ्या रेघांसारखे असंख्य स्पर्श करावयाचे. प्रत्येक स्पर्श शेजारच्या भागाच्या घनतेशी जुळला पाहिजे. अधिक झाला तर प्रतीत पांढरा ठिपका उमटे, कमी झाला तर डाग राही. कपाळ, डोळ्यांखालची वर्तुळे, नाकाच्या बाजूची घळ, ओठांची कड आणि हनुवटी असा कामाचा क्रम असे. निष्णात कारागीर चेहऱ्याची ठेवण न मोडता त्वचा साफ करी. कच्च्या हाताने मात्र चेहरा मेणाच्या पुतळीसारखा होई.

या अतिरेकावर टीकाही लवकरच सुरू झाली. पीटर हेन्री एमर्सन याने १८८९ साली निसर्गनिष्ठ छायाचित्रणाचा पुरस्कार करताना रिटचिंगचा कडाडून निषेध केला. छायाचित्र बरे असो वा वाईट, या क्रियेने त्याचे एक वाईट रेखाटन होते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. उलट धंद्यातल्या माणसांची बाजूही अगदीच निराधार नव्हती. समोरासमोर बोलताना माणसाचा चेहरा हालता असतो आणि पाहणाऱ्याची नजर एखाद्या पुटकुळीवर खिळत नाही. कॅमेरा मात्र एका क्षणाची पुटकुळी कायमची करून ठेवतो. तेव्हा ती काढून टाकणे हे स्मरणाशी अधिक प्रामाणिक होय, असा त्यांचा युक्तिवाद असे. पुटकुळीपुरता तो ग्राह्य आहे. वर्ण आणि व्रण यांना मात्र तो लागू पडत नाही, कारण ते क्षणिक नसतात.

४

येथे या तंत्राच्या एका अंगभूत गुणधर्माकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. निगेटिव्हवर जे काळे ते प्रतीवर पांढरे. पेन्सिलीने निगेटिव्हची घनता वाढते, म्हणून प्रतीतील ती जागा उजळते. पेन्सिलीने प्रतीतील कोणतीही जागा गडद करता येत नाही. गडद करावयाचे झाल्यास निगेटिव्हचा थर धारदार पात्याने खरवडावा लागे, किंवा हॉवर्ड फार्मर याने १८८३ साली सांगितलेल्या द्रावणाने तेथील चांदी कमी करावी लागे. पेन्सिलीचे काम टर्पेंटाइनने पुसून पुन्हा करता येई. पात्याची चूक मात्र भरून येत नसे, आणि द्रावणाने एकदा गेलेली चांदी परत येत नसे. साहजिकच स्टुडिओतील नित्याचे काम पेन्सिलीचेच राहिले. तात्पर्य, जे साधन सर्वांत सोपे, स्वस्त व निर्धास्त होते, ते स्वभावतःच चेहरा उजळणारे होते.

सबंध चेहरा उजळण्याची दुसरीही युक्ती होती. पाण्यात विरघळणारा तांबडा रंग कुंचल्याने निगेटिव्हवरील चेहऱ्यावर पातळ चढवीत. प्रत काढण्याच्या कागदाला तांबडा प्रकाश दिसत नसल्याने तो रंग कागदाच्या दृष्टीने काळ्यासारखाच अडसर होई आणि चेहरा गोरा उतरे. ज्या आंधळेपणामुळे काचेवर सावळा माणूस काळा झाला होता, त्याच आंधळेपणाचा उपयोग करून कागदावर तो गोरा केला जाई!

तंत्राचा हा कल आणि समाजाचा कल एकाच दिशेचे होते. विवाहाच्या वाटाघाटीत पत्रिकेबरोबर मुलीचे छायाचित्र पाठविण्याची चाल पांढरपेशा वर्गात रूढ झाली, तेव्हा ते चित्र चेहऱ्याचे नुसते स्मारक राहिले नाही; त्यावर निर्णय होऊ लागले. वधूच्या वर्णास आपल्याकडे असलेले महत्त्व सर्वश्रुत आहे. उजळलेल्या चित्रामुळे स्थळ येणे आणि प्रत्यक्ष पाहण्याच्या वेळी निराशा होणे, या दोहोंचा भार वाहावा लागे तो मुलीला. ज्याने वण बुजविले त्या कारागिरास किंवा ज्यांनी ते बुजविण्यास सांगितले त्या वडीलधाऱ्यांस त्याची झळ लागत नसे. चित्राची ही प्रथा निव्वळ हौसेची म्हणून बाजूस सारता येत नाही, ती या कारणाने.

५

काचेचा मूळ दोष दरम्यान दूर होत आला होता. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फोगेल याने १८७३ साली दाखवून दिले की, विशिष्ट रंगद्रव्ये मिसळल्यास काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही दिसू लागतो. १९०६ साली रॅटन आणि वेनराइट या इंग्लिश कंपनीने सर्व रंगांना संवेदनाशील, म्हणजे पँक्रोमॅटिक, काचा बाजारात आणल्या. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चित्रपटसृष्टीनेही पँक्रोमॅटिक फिल्म स्वीकारली, आणि मॅक्स फॅक्टर याने १९२८ साली तिला अनुरूप अशी रंगभूषा तयार केली. आता सावळा वर्ण सावळाच येऊ शकत होता. तर्कतः रिटचिंगची गरज या वेळी कमी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात झाले ते उलटेच, आणि त्याचे कारण चित्रपटतारकांच्या प्रसिद्धिचित्रांत सापडते.

हॉलिवुडमध्ये जॉर्ज हरेल याने १९३१ साली जोन क्रॉफर्डचे काढलेले छायाचित्र या संदर्भात नेहमी उल्लेखिले जाते. रंगभूषेवाचून घेतलेल्या या चित्रात तिच्या चेहऱ्यावरील वांगाचे ठिपके स्पष्ट होते; जेम्स शार्प नावाच्या रिटचरने काही तास खपून ते सर्व घालविले. दोन्ही अवस्थांतील प्रती आज उपलब्ध असल्याने काय घडले ते डोळ्यांनी पाहता येते. येथे काचेचा दोष राहिलेलाच नव्हता. प्रखर दिव्याने त्वचेचे बारकावे मुद्दाम टिपावयाचे आणि नंतर ते पेन्सिलीने पुसून तीच त्वचा संगमरवरासारखी करावयाची, हीच ‘ग्लॅमर’ची रीत ठरली.

मुंबईत ही दृष्टी दोन वाटांनी आली. एक वाट चित्रपटनिर्मितीची. हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ साली मालाड येथे ‘बॉम्बे टॉकीज’ची स्थापना केली, तेव्हा छायालेखक म्हणून म्यूनिकचा जोझेफ विर्शिंग त्यांच्याकडे होता. ‘अछूत कन्या’ (१९३६) चे छायालेखन त्याचेच. देविकाराणीची त्याने घेतलेली स्थिरचित्रे पाहिली असता मृदू प्रकाश आणि नितळ त्वचा यांचा जर्मन स्टुडिओपद्धतीचा मेळ ध्यानात येतो. दुसरी वाट व्यक्तिचित्रणाच्या स्टुडिओंची. बॅलार्ड इस्टेटमधील हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ साली सर व्हिक्टर ससून यांनी उभारला. दामोदर कामत यांनी १९४५ साली ‘कामत फोटो फ्लॅश’ सुरू करून चित्रपटांच्या स्थिरचित्रांचा मोठा व्यवसाय उभा केला. फाळणीनंतर कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर यांनी १९४८ साली दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ काढला. नर्गिस, मीनाकुमारी आदी तारकांची त्यांनी काढलेली कृष्णधवल चित्रे गडद सावल्या आणि त्यांतून उमलणारा उजळ चेहरा यांसाठी ओळखली जातात.

या चित्रांचा प्रसार नियतकालिकांनी केला. बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ १९३५ साली निघाले. त्याच्या मुखपृष्ठांसाठी एस. एम. पंडित यांच्यासारखे चित्रकार छायाचित्रे समोर ठेवून रंगीत चित्रे करीत. छपाईच्या ठोकळ्यांसाठी छायाचित्राच्या प्रतीवर हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशचाही उपयोग होई. अमेरिकेत १८७० नंतरच्या दशकात जन्मलेले हे साधन छायाचित्रांच्या संस्करणाशी आरंभापासूनच निगडित होते. रंगाच्या सूक्ष्म तुषारांनी त्वचेवरील रंध्रांसकट सारे काही एका सलग छटेखाली झाकले जाई. मराठी वाचकाला या नितळपणाची सवय लागली ती रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या चित्रांनी. फवाऱ्याच्या तंत्राने साधलेली त्यांची मुलायम, निष्कलंक कांती दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आणि दिनदर्शिकांवरून घरोघर पोहोचली. येथे एक परस्परविनिमय घडलेला दिसतो. छायाचित्राने चित्रकाराला ठेवण दिली, चित्रकाराने ती नितळ केली, आणि मग तशीच नितळ त्वचा छायाचित्रातही असावी, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा झाली.

६

हाताच्या रिटचिंगचा ऱ्हास टीकेने घडवून आणला नाही, तो निगेटिव्हच्या आकाराने घडवून आणला. मोठ्या काचेवर वा शीट फिल्मवर चेहरा एवढा मोठा असे की, पेन्सिलीला वाव मिळे. ३५ मिलिमीटर फिल्मवर तो नखाहून लहान झाला. तेथे पेन्सिलीचा प्रत्येक स्पर्श मोठ्या प्रतीत दांडग्या रेघेसारखा दिसू लागला. म्हणून काम प्रतीवरच्या कुंचल्याकडे आणि भिंगावर लावावयाच्या धूसर फिल्टरकडे वळले. रंगीत फिल्म आल्यावर शिसपेन्सिल आणखीच निरुपयोगी झाली.

संगणकाने ती विद्या पुन्हा जिवंत केली. थॉमस व जॉन नोल या बंधूंची ‘फोटोशॉप’ ही प्रणाली १९९० साली विक्रीस आली. तिच्या २००२ सालच्या सातव्या आवृत्तीत ‘हीलिंग ब्रश’ हे साधन मिळाले. ते शेजारच्या त्वचेचा पोत उचलून डागाच्या जागी बसविते आणि छटा मात्र मूळ जागेची ठेवते. पुढे ‘फ्रीक्वेन्सी सेपरेशन’ नावाची रीत रूढ झाली. तीत चित्राचे दोन थर करतात. एका थरात गाल, कपाळ यांच्या ठळक छटा. दुसऱ्यात रंध्रे, लव, सुरकुत्या यांचा बारीक पोत. मग एकास धक्का न लावता दुसरा सपाट करता येतो. विचार केला असता जुना निष्णात कारागीर डोळ्याने व हाताने हेच करीत होता: चेहऱ्याची मोठी ठेवण राखावयाची आणि लहान चढउतार बुजवावयाचे. अंतर एवढेच की, त्याला एका चेहऱ्यास तास लागत. आज मोबाइलचा कॅमेरा चित्र घेतानाच हे उरकतो, आणि पुष्कळदा चित्र घेणाऱ्यास त्याची वार्ताही नसते.

या सुलभतेमुळे प्रश्न कायद्यापर्यंत गेला. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलची अंगकाठी संगणकाने बारीक वा जाड केली असल्यास तसे छापणे बंधनकारक झाले. त्वचेच्या नितळपणास मात्र हा नियम लागू नाही. नॉर्वेचा १ जुलै २०२२ पासून अमलात आलेला नियम शरीराच्या आकाराबरोबर त्वचेचाही स्पष्ट उल्लेख करतो. भारतात जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक मंडळाने २०१४ साली गोरेपणाच्या प्रसाधनांविषयी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. सावळ्या व्यक्तीस हीन वा दुःखी दाखवू नये, हा त्यांचा गाभा होय. त्वचा गुळगुळीत करणे आणि ती गोरी करणे ही दोन कामे आपल्याकडे एकाच पेन्सिलीने झाली होती, हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे या दोन प्रश्नांचा संबंधही उलगडतो.

७

वरील विवेचनावरून इतिहाससंशोधकास काही व्यावहारिक निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, १८७० नंतरच्या स्टुडिओतील व्यक्तिचित्रावरून व्यक्तीचा वर्ण, वय वा त्वचेची स्थिती यांविषयी विधान करताना अत्यंत सावध राहिले पाहिजे. चेहऱ्यावर श्रम घेणारा कारागीर हात, मान व कान यांकडे बहुधा दुर्लक्ष करी. म्हणून गुळगुळीत चेहरा आणि सुरकुतलेला हात एकाच चित्रात आढळल्यास पेन्सिल फिरली असल्याचा संशय घेण्यास जागा असते. दुसरा निष्कर्ष देवीच्या रोगासंबंधी आहे. लक्षावधी लोकांनी ज्या खुणा आयुष्यभर वागविल्या, त्या प्रतिष्ठित घराण्यांच्या चित्रसंग्रहांत क्वचितच दिसतात. त्यावरून रोगाच्या प्रसाराविषयी अनुमान काढणे चुकीचे ठरेल. तो अभाव रोगाचा नसून चित्राचा आहे.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, खरा दस्तऐवज निगेटिव्ह हा होय. छापील प्रत नव्हे. काच तिरप्या प्रकाशात धरली असता पेन्सिलीचे स्पर्श, रोगणाची चकाकी आणि पात्याचे ओरखडे स्पष्ट दिसतात. मूळ चेहरा आणि त्यावर समाजाने केलेली दुरुस्ती अशी दोन्ही एकाच काचेवर वाचता येतात. कोणत्या खुणा लाजिरवाण्या मानल्या गेल्या, स्त्रीच्या चेहऱ्यावर किती आणि पुरुषाच्या चेहऱ्यावर किती पेन्सिल चालली, याचा तुलनात्मक अभ्यास अशा संग्रहांवरच होऊ शकेल. राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओतील अडीच हजारांहून अधिक काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे गेल्या, म्हणून त्या वाचल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतील स्टुडिओंना हे भाग्य लाभतेच असे नाही. धंदा बंद होताना जुन्या काचा धुऊन पुन्हा वापरल्या जातात, नाहीतर भंगारात जातात. जेथे त्या हाती लागतात तेथेही त्या ‘स्वच्छ’ करण्याचा मोह होतो. संग्रहालयांनी तो कटाक्षाने टाळला पाहिजे. टर्पेंटाइनचा एक बोळा फिरला की राळेबरोबर पेन्सिलही जाते, आणि मागे राहतो तो केवळ चेहरा; त्या चेहऱ्याविषयी त्या काळास काय वाटत होते, याचा पुरावा मात्र कायमचा नष्ट होतो.